फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण आणि पास झालेली तिसरी गाडी

2013 साली कॅलिफोर्नियात तीन डिझेल गाड्या रस्त्यावर फिरवून त्यांचा धूर मोजला गेला. दोन नापास झाल्या, एक पास. नापास झालेल्या दोघींबद्दल इतकं छापून आलं, इतक्या कोर्टकचेऱ्या झाल्या, की तिसरी कुठली होती असं विचारलं तर डिझेलवर हिरीरीने भांडणारे लोकही गप्प होतात. ती बीएमडब्ल्यू एक्स5 होती. नापास झालेल्या दोघी फोक्सवॅगनच्या, टेस्ट चालू असेल तेवढ्यापुरताच धूर साफ ठेवणारं सॉफ्टवेअर कंपनीनेच त्यांच्यात टाकलं होतं. मला विचाराल तर हे प्रकरण समजून घ्यायला सुरुवात एक्स5 पासूनच करावी, कारण "डिझेल साफ होऊच शकत नाही म्हणून बिचाऱ्यांनी चीटिंग केली" हा जो सरसकट समज आहे ना, तो तिच्यापुढे टिकत नाही.

आधी टेस्ट का झाली ते सांगतो. कोणाला पकडायचं वगैरे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. युरोपात तेव्हा दिसत होतं की डिझेल गाड्या लॅबमध्ये शहाण्यासारख्या वागतात आणि रस्त्यावर आल्या की मनसोक्त घाण करतात. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन म्हणजे आयसीसीटी नावाची संस्था आहे, त्यांचा अंदाज असा की अमेरिकेत नियम युरोपपेक्षा कडक आहेत, म्हणजे तिथल्या डिझेल गाड्या रस्त्यावरही साफ असणार, तर ते आकडे घेऊ आणि युरोपवाल्यांना दाखवू की बघा बाबांनो, जमतंय. काम मिळालं वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या टीमला. डॅन कार्डर तिथल्या सेंटरचे प्रमुख, आणि अरविंद तिरुवेंगडम, मार्क बेश, हेमंत कप्पन्ना ही पोरं प्रत्यक्ष गाडीत बसून मोजणारी. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

ही टीम काही हवेतून आली नव्हती. 1998 मध्ये अमेरिकेत ट्रकची इंजिनं बनवणाऱ्या सात कंपन्या अशाच सॉफ्टवेअरच्या भानगडीत सापडल्या होत्या, टेस्टमध्ये एक आणि हायवेवर दुसरंच. तेव्हाच्या तडजोडीत चालत्या ट्रकचा धूर रस्त्यावर मोजायचं मशीन विकसित करायचं ठरलं आणि ते काम याच युनिव्हर्सिटीत झालं होतं. म्हणजे हा धंदा नवीन नव्हता आणि पकडायची हत्यारंसुद्धा पंधरा वर्षं आधीपासून तयार होती, फक्त कारवर ती कोणी फारशी वापरली नव्हती. हे वाचलं तेव्हा मला जरा रागच आला, कारण सरकारी यंत्रणेला ट्रकवाल्यांचा अनुभव असतानाही कारसाठी लॅबच्या रिझल्टवर विश्वास ठेवला गेला.

आता थोडं इंजिनाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, हवा इतकी दाबतात की ती तापते आणि त्यात डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. हवा नेहमी गरजेपेक्षा जास्त असते, म्हणून इंजिन ॲव्हरेज चांगलं देतं. पण त्याच जास्तीच्या ऑक्सिजनमुळे आणि तापमानामुळे हवेतला नायट्रोजन जळून नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात, त्यांनाच सगळे नॉक्स म्हणतात. फुप्फुसांना त्रास, स्मॉग, ओझोन हे सगळं त्याच्यामुळे. दुसरीकडे जिथे डिझेलचा थेंब नीट हवेत मिसळला नाही तिथे काजळी. आता नॉक्स कमी करायला ज्वलन थंड केलं, म्हणजे ईजीआरने थोडा धूर परत सिलिंडरमध्ये घातला, तर काजळी वाढते. काजळी कमी करायला ज्वलन गरम केलं तर नॉक्स वाढतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि पेट्रोल गाडीतला धूर साफ करणारा साधा थ्री-वे कॅटलिस्ट इथे नॉक्सवर चालत नाही, कारण धुरात ऑक्सिजन शिल्लक असतो.

म्हणून डिझेलवाल्यांनी सायलेन्सरच्या आधी एक छोटा केमिकल कारखानाच बसवला. काजळीसाठी डीपीएफ, म्हणजे बारीक छिद्रांचा सिरॅमिक फिल्टर, तो भरला की मधूनमधून जास्त तापवून काजळी जाळून टाकायची. नॉक्ससाठी दोन रस्ते. एक एलएनटी, म्हणजे नॉक्स धरून ठेवणारा ट्रॅप, त्यात बेरियमसारखा पदार्थ असतो, तो नॉक्स शोषतो आणि भरला की इंजिन काही सेकंद मुद्दाम जास्त डिझेल देऊन तो रिकामा करतं. स्वस्त, जागा कमी लागते, पण प्रत्येक वेळी डिझेल जातं आणि काजळी जास्त होते, म्हणजे ओझं परत डीपीएफवर. दुसरा एससीआर. त्यात वेगळ्या टाकीतून 32.5 टक्के युरियाचं पाणी धुरात फवारतात, तेच ते अ‍ॅडब्लू. उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो आणि कॅटलिस्टवर अमोनिया आणि नॉक्स भेटले की साधा नायट्रोजन आणि वाफ उरते. काम भारी करतं, पण टाकी लागते, पंप लागतो, इंजेक्टर लागतो, आणि युरिया संपतो. या संपण्यातच अर्धी गोष्ट आहे, ते पुढे येईलच.

लिमिट बघा. युरोपात युरो 5 च्या डिझेल कारला किलोमीटरला 0.18 ग्रॅम नॉक्स चालायचा, युरो 6 मध्ये तो 0.08 झाला. अमेरिकेत टियर 2 बिन 5 या तिकडच्या नियमाची लिमिट मैलाला 0.07 ग्रॅम, म्हणजे किलोमीटरला साधारण 0.043. युरो 5 च्या चौथाईपेक्षा कमी. आणि तिकडे डिझेल-पेट्रोल असा भेदभाव नाही, सगळ्यांना एकच पट्टी.

तीन गाड्या कशा होत्या तर 2012 ची फोक्सवॅगन जेट्टा, तिच्यात एलएनटी. 2013 ची फोक्सवॅगन पसॅट, तिच्यात युरियावाला एससीआर. आणि ती एक्स5, तिच्यातही युरियावाला एससीआर. दुसरी आणि तिसरी यांची मूळ केमिस्ट्री एकच होती, हे लक्षात ठेवा.

डिकीत गॅस ॲनालायझर, मागच्या पाइपला जोडलेल्या नळ्या, आणि सगळ्याला वीज द्यायला मागे लटकवलेला जनरेटर, अशा अवतारात गाड्या लॉस एंजेलिस, सॅन दिएगो, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास शहरात, हायवेवर, चढावर फिरल्या. पसॅट तर लॉस एंजेलिसहून सिएटलला जाऊन परत आली, जवळजवळ 4,000 किमी. रिझल्ट आला तर जेट्टाचा नॉक्स लिमिटच्या 15 ते 35 पट, पसॅटचा 5 ते 20 पट. टीमला पहिल्यांदा वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय, मशीन परत परत तपासलं. एक्स5 मात्र डोंगरातला चढ सोडला तर बहुतेक ठिकाणी लिमिटच्या आत किंवा आसपास. आणि याच फोक्सवॅगन गाड्या एल मॉन्टेला कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाच्या म्हणजे कार्बच्या लॅबमध्ये रोलरवर चढवल्या तर अगदी गुणी. दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे.

इथे थोडं न्यायाने बोलायला हवं. एक्स5 मोठी, महाग, सहा सिलिंडरची गाडी, तिच्यात टाकीला जागा आहे आणि जादा पार्टचं ओझं किमतीत लपून जातं. जेट्टात तसं नाही. हे मान्य. पण मग वाद "जमत नाही" याचा राहत नाही, "या किमतीत, या डिझाइनमध्ये जमवायचं नाही" याचा होतो, आणि या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रिपोर्ट मे 2014 मध्ये आला. कार्ब आणि अमेरिकेचं केंद्रीय पर्यावरण खातं ईपीए या दोघांनी फोक्सवॅगनला विचारलं की हे काय आहे. कंपनीची उत्तरं वाचली तर शाळेतल्या पोरांची आठवण येते. काही तांत्रिक अडचणी आहेत, रस्त्यावरची परिस्थिती अनपेक्षित होती, असलं काहीतरी. डिसेंबर 2014 मध्ये कंपनीने जवळपास 5 लाख गाड्या स्वतःहून परत बोलावल्या, नवीन सॉफ्टवेअर टाकलं आणि सांगितलं, झालं आता.

कार्बच्या लोकांचं समाधान झालं नाही, आणि या प्रकरणातले माझे आवडते लोक हेच. मे 2015 मध्ये त्यांनी दुरुस्त गाड्या परत तपासल्या. ठरलेली टेस्ट म्हणजे एफटीपी-75, तिचा क्रम, वेग, थांबे सगळं आधीपासून छापलेलं असतं, जवळपास 18 किमीचा ठरीव प्रवास. पेपर फुटलेलाच समजा. यांनी काय केलं, त्याच टेस्टचा दुसरा टप्पा उचलला आणि तोच तो परत परत चालवला. एवढंच. सुरुवातीला युरिया जरा बरा फवारला जात होता, नंतर डोस पुरेना आणि नॉक्स चढतच गेला, कॅटलिस्ट व्यवस्थित गरम झालेला असताना. कॅटलिस्ट थंड असला की काम करत नाही, हे निमित्त तिथेच संपलं. 2016 च्या मॉडेलना विक्रीचं सर्टिफिकेट देत नाही असं सरकारी खात्यांनी म्हटल्यावर 3 सप्टेंबर 2015 ला कंपनीने कबूल केलं की सॉफ्टवेअरमध्ये दोन वागणुकी आहेत. 18 सप्टेंबरला ईपीएने नोटीस जाहीर केली, अमेरिकेतल्या साधारण 4 लाख 82 हजार गाड्या, आणि मग जगभरात 1 कोटी 10 लाख. 23 सप्टेंबरला सीईओ मार्टिन विंटरकॉर्न यांनी राजीनामा दिला.

आता सॉफ्टवेअर नेमकं काय करत होतं.

गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, स्टेअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब हे सगळं बघायचा आणि ठरवायचा की आपण रोलरवर आहोत की रस्त्यावर. रोलरवर असलो की पूर्ण नॉक्स कंट्रोल, नाहीतर ढिला. डिसेंबर 2015 मध्ये हॅम्बर्गच्या हॅकर परिषदेत फेलिक्स डोमके याने आपल्याच गाडीचा ईसीयू उघडून दाखवला, त्यात किती सेकंदात किती अंतर गेलं याच्या वरच्या-खालच्या रेषा साठवलेल्या होत्या, गाडी त्या दोन रेषांच्या मधून चालत राहिली म्हणजे टेस्ट चालू आहे. आणि फंक्शनचं नाव काय तर अकुस्टिक, म्हणजे आवाजासंबंधी. नाव वाचून कोणाला शंकाही येणार नाही.

पण सगळ्यात अजब भाग पुढे आहे. कंपनीने नंतर कोर्टात गुन्हा कबूल करताना जी हकीगत मान्य केली तिच्यात आहे हा. 2012 च्या सुमारास काही गिऱ्हाइकांच्या गाड्यांचे एक्झॉस्टमधले पार्ट खराब व्हायला लागले. इंजिनिअरांनी डोकं खाजवलं आणि अंदाज काढला की या गाड्या रस्त्यावर असतानाही चुकून टेस्ट मोडमध्येच राहतायत, आणि तेवढा वेळ त्या मोडमध्ये चालायला त्या बनवलेल्याच नाहीत. परत वाचा हे. गाडी कायदा पाळत होती म्हणून मोडत होती. मग उपाय काय केला, गाडी कायमची मजबूत केली का? छे. सॉफ्टवेअर आणखी हुशार केलं, गाडी सुरू होतानाच रस्त्याच्या मोडमध्ये होणार, आणि स्टेअरिंगचा कोन बघून टेस्ट ओळखली तरच साफ मोडमध्ये जाणार. रोलरवर स्टेअरिंग कोण फिरवतं? आणि हा अपडेट आधी विकलेल्या गाड्यांमध्येसुद्धा टाकला. ज्याच्या गाडीत तो पडला त्याने बहुतेक कॉफी पीत वाट बघितली असेल आणि सर्व्हिस झाली म्हणून खूश होऊन घरी गेला असेल.

का केलं हे, तर उत्तर एकदम धंद्याचं आहे. 2006 च्या आसपास अमेरिकेसाठी नवीन दोन लिटर डिझेल इंजिन बनवताना वरच्या लोकांच्या लक्षात आलं की नवीन नॉक्स लिमिटही पाळायची आणि गाडी विकलीही जायची, हे दोन्ही आपल्या डिझाइनमध्ये बसत नाही. एलएनटी पूर्ण जोरात चालवला तर डिझेल जास्त जातं आणि डीपीएफ लवकर जातो. एससीआर पूर्ण जोरात चालवला तर युरिया भराभर संपतो, आणि कंपनीला हवं होतं की 10,000 मैलांच्या सर्व्हिसलाच टाकी भरावी, मधे गिऱ्हाइकाला कसलीही कटकट नको. त्यात अमेरिकेत युरिया संपला की गाडी सुरूच होऊ द्यायची नाही असा हिशोब. मोठी टाकी ठेवायची म्हटलं तर डिकी लहान होते. म्हणजे एवढं सगळं महाभारत शेवटी युरियाच्या टाकीच्या आकारावर आणि एका फिल्टरच्या आयुष्यावर येऊन थांबतं. आणि अशा गाडीला 2008 मध्ये लॉस एंजेलिसच्या शोमध्ये ग्रीन कार ऑफ द इयरचा मान मिळाला होता, जेट्टा घेणाऱ्याला सरकारकडून 1,300 डॉलरची टॅक्स सवलतही होती. वरून कीर्तन, आतून तमाशा.

शिक्षा वगैरे पटकन सांगतो, ते सगळीकडे आहे. जून 2016 मध्ये 14.7 अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड, त्यातले 10 अब्जांच्या वर गाड्या परत घ्यायला आणि मालकांना भरपाईला. जानेवारी 2017 मध्ये गुन्ह्याची कबुली आणि 4.3 अब्ज डॉलर दंड. इंजिनिअर जेम्स लियांगला 40 महिने, मॅनेजर ऑलिव्हर श्मिटला सात वर्षं. जर्मनीत 2018 मध्ये 1 अब्ज युरो दंड.

डिझेलच्या बाजूने काय बदललं ते जास्त महत्त्वाचं आहे. युरोपात सप्टेंबर 2017 पासून नवीन मॉडेलना खऱ्या रस्त्यावरची टेस्ट आली, तीच डिकीत मशीन टाकून. रस्ता, ट्रॅफिक, चढ, गार हवा, काही ठरीव नाही, म्हणजे पाठांतर करून पास होता येत नाही. सुरुवातीला लिमिटच्या 2.1 पट सूट होती, 2020 पासून 1.43 पट. आणि मग काय झालं बघा, जे "जमत नाही" होतं ते जमायला लागलं. फोक्सवॅगननेच पुढे दोन ठिकाणी युरिया फवारायची सिस्टिम आणली, एक कॅटलिस्ट इंजिनाला चिकटून म्हणजे लवकर गरम होणारा, दुसरा गाडीच्या पोटाखाली हायवेच्या जास्त उष्णतेसाठी. बॉशने 2018 मध्ये सांगितलं की त्यांच्या टेस्ट गाडीने रस्त्यावर किलोमीटरला सरासरी 13 मिलिग्रॅम नॉक्स दिला, लिमिट 80 असताना. कंपनीचा आकडा आहे, तेवढं मीठ लावून घ्या, पण केमिस्ट्री तीच होती जी एक्स5 मध्ये 2013 ला फिरत होती.

तरी सगळं गुळगुळीत झालं असं नाही. युरोपात जुन्या गाड्यांना दुरुस्तीचं जे सॉफ्टवेअर दिलं ना, त्यात निघालं की ईजीआर पूर्ण जोरात चालतो तो बाहेरचं तापमान 15 ते 33 अंशांच्या मधे असेल आणि उंची 1,000 मीटरच्या आत असेल तरच. आता युरोपात वर्षातले किती दिवस 15 च्या वर असतं, तुम्हीच सांगा. ऑस्ट्रियातल्या गाडीमालकांच्या केसमध्ये जुलै 2022 ला युरोपियन कोर्टाने सांगितलं की हाही डिफीट डिव्हाइसच, म्हणजे धूर साफ करणारी यंत्रणा ढिली करणारी बेकायदा सोय, आणि वर्षातला बहुतेक काळ तो चालू राहत असेल तर इंजिनाच्या संरक्षणाचं कारणही चालणार नाही. म्हणजे चोरीची भरपाई म्हणून दिलेल्या औषधातच परत तोच रोग. हे वाचून मी अक्षरशः हसलो.

अमेरिकेत बहुतेक मालकांनी गाड्या परत देऊन पैसे घेतले. मग एवढ्या गाड्या ठेवायच्या कुठे, तर मिशिगनमधल्या पॉन्टियॅकला पडझड झालेलं सिल्व्हरडोम स्टेडियम होतं त्याच्या पार्किंगमध्ये, कॅलिफोर्नियात व्हिक्टरव्हिलच्या वाळवंटातल्या विमानतळावर, अशा 37 जागा, आणि 2018 च्या सुरुवातीला तिथे जवळपास 3 लाख गाड्या ओळीने उभ्या. विमानातून काढलेले फोटो बघितले तर रंगीत टाइल लावल्यासारखं दिसतं. त्याआधी, 2017 मध्येच, डीलरकडे पडून राहिलेल्या 2015 च्या नव्याकोऱ्या डिझेल गाड्या सरकारी मंजुरीचं सॉफ्टवेअर टाकून परत विक्रीला निघाल्या होत्या. पार्ट बदलायचा दुसरा टप्पा नंतर येणार होता. कंपनीने डिस्काउंट लावला आणि लोकांनी त्या उचलल्यासुद्धा.